मठातल्या बाईचा पंडुम

डोळ्यांनी दगा दिला तेव्हा मी देवावर रुसले. खोटं कशाला बोलू? नवरा गेला तेव्हासुद्धा एवढी रुसले नव्हते, कारण तेव्हा माझ्याजवळ माझी फळी होती. फळी म्हणजे वडिलांची पुस्तकांची फळी. वडील चंद्रपूरकडच्या एका लहान ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते, पण त्यांच्या फळीवर पवित्र शास्त्राच्या शेजारी मुसलमान फकिरांची वचनं असायची आणि त्यांना खेटून आपल्या संतांच्या ओव्या. मंडळीतले लोक म्हणायचे, पाळकसाहेब, ही फळी आहे की धर्मशाळा? वडील हसून म्हणायचे, मुक्कामाला आलेल्यांना मी जात विचारत नाही. ती धर्मशाळा माझ्या वाट्याला आली. शाळेत शिकवायला मुलचेऱ्याला आले तेव्हा भांडीकुंडी मागाहून आणली, ही माणसं आधी आणली.

होय, माणसंच. त्यांची खरी नावं मी घरात कधी घेत नसे. एक होता वाळवंटातला फकीर, जो देवाशी भांडायचा. एक दळणारी, जात्यावर बसली की देवाला हाताशी बोलवायची. आणि सगळ्यांत लाडकी मठातली बाई. फार लांबच्या देशातली, फार जुनी. तरुणपणी तिला प्रार्थनेत देव असा भेटायचा की तिला जेवणाची शुद्ध राहत नसे. मग एके दिवशी तो यायचा थांबला. कारण काही नाही. तिनं मात्र आपली बसायची जागा सोडली नाही. रोज त्याच गारठलेल्या फरशीवर जाऊन बसायची आणि लिहायची की आजही कोणी आलं नाही. मी सुखात होते तेव्हा हे वाचून मला तिची दया यायची.

गडचिरोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे, तो परत यायचा नाही. कडेकडेचं दिसत राहील. तसंच झालं. माणसाच्या खांद्यामागचं झाड दिसतं, माणसाचं तोंड दिसत नाही. ज्याच्याकडे बघायला जावं तेच नाहीसं होतं. अक्षरं तर गेलीच. भाच्यानं मोबाइलवर वाचून दाखवणारं काहीतरी लावून दिलं, पण तो आवाज देवाचं नाव आणि पानाचा आकडा एकाच सुरात म्हणायचा. मी दोन दिवसांत बंद केलं. पुस्तकं गेली आणि त्यांच्यामागोमाग प्रार्थनाही गेली. गुडघे टेकायचे, ओठ हलायचे, पण समोर कोणी नाही. मला देव हवा होता हो. भूक लागल्यासारखा हवा होता. मी रडून विचारलं, काऊन गेलास? उत्तर आलं नाही. शेवटी मी ठरवलं की आता पुरे. भामरागडला ओळखीच्या एक सिस्टर लहानसा दवाखाना चालवतात. पुस्तकं त्यांना देऊन टाकायची आणि हा व्यवहार मिटवायचा. फळी रिकामी झाली की वाटही बघायला नको, असा माझा हिशेब होता.

उन्हाळ्याचे दिवस होते. पिशवी घेऊन आलापल्लीहून भामरागडची बस धरली. अर्ध्या वाटेत अवकाळी वादळ उठलं आणि पुढे सागाचं मोठं झाड रस्त्यावर आडवं पडलं. कंडक्टर भला माणूस. म्हणाला, मॅडम, झाड तोडेपर्यंत संध्याकाळ होईल, गाव जवळच आहे, सावलीला बसा. हात धरून त्यानं मला रस्त्याकडेच्या एका घराच्या अंगणात सोडलं आणि तो कुऱ्हाडी गोळा करायला गेला. घरात कोणाची चाहूल नव्हती. ओल्या मातीचा आणि कैऱ्यांचा वास इतका दाटला होता की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. वाऱ्यानं अंगणभर आंबे पाडले होते, पायाला लागत होते. मी वाकून चाचपलं, एक हाती आला, देठाजवळ पिवळसर मऊ झालेला. घशाला कोरड पडली होती. पदराला पुसून तोंडाशी नेला, आणि कोणीतरी माझं मनगट धरलं.

हात खरखरीत होता, पण धरण्यात राग नव्हता. जळत्या चुलीकडे रांगणाऱ्या लेकराला धरावं तसं धरलं होतं. घरची माडिया बाई. वयानं माझ्याएवढीच असावी; चेहरा मला दिसला नाही, खांद्यावरचं गोंदण तेवढं कडेनं दिसलं. तोडक्या मराठीत म्हणाली, "नोको खाऊ, बाई. आमचा पंडुम नाई झाला."

मी इतकी वर्षं या जिल्ह्यात काढली, पंडुम म्हणजे त्यांचा सण एवढं मला ठाऊक होतं. आंब्याचा पंडुम होऊन गावदेवाला नवा आंबा चढत नाही तोवर गावात कोणी आंब्याला तोंड लावत नाही, हेही ऐकलं होतं. पण ऐकणं निराळं आणि त्या अंगणात बसणं निराळं. तिनं मला कोसरीच्या बारीक दाण्यांची पेज दिली आणि मीठ दिलं, आणि पडलेले आंबे एकेक उचलून टोपलीत ठेवत राहिली. शेजारची पोरं येऊन टोपलीत डोकावायची, वास घ्यायची आणि निघून जायची. मी शरमून म्हणाले की घरात एवढे आंबे आणि तुम्ही नुसती पेज पिऊन उपाशी राहता. ती हसली.

"उपाशी नाई, बाई. थांबून राह्यलो."

मी पेज खाली ठेवली. झाड तुटायला वेळ होता. तिनं पिशवी उचलून बघितली आणि एवढं जड काय म्हणून विचारलं. मी म्हणाले, पुस्तकं. ती म्हणाली, तुला दिसत तर नाही, मग वाचतं कोण? कोणीच नाही, म्हणून देऊन टाकायला निघाले. मग यांत आहे काय, असं तिनं विचारलं, आणि मी सांगायला लागले. फकीर सांगितला, दळणारी सांगितली. दळणारीवर ती खूश झाली. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की एकही पान उघडावं लागत नाही. सगळी माणसं आतच मुक्कामाला होती. मग मठातल्या बाईवर आले. देव यायचा थांबला, ती फरशीवर बसून राहिली, लिहीत राहिली की आजही कोणी आलं नाही. एवढं सांगून मी थांबले.

तिचा टोपलीवरचा हात थांबला. "मंग त्या बाईचा पंडुम कवा झाला?"

मी आठवून बघितलं. इतक्यांदा वाचलेलं पुस्तक, पण शेवट डोळ्यांपुढे आणला तर तिथे असं काहीच नव्हतं. ती बसलेली आहे आणि पुस्तक संपतं. म्हटलं, ते लिहिलेलं नाही.

"मंग अजून थांबली असन," ती म्हणाली, आणि पुन्हा आंबे वेचायला लागली.

मला रडू आलं. अडवलं नाही. इतके दिवस मी स्वतःला उपाशी म्हणत होते, टाकलेली म्हणत होते. त्या अंगणात आंब्यांचा वास भरून राहिला होता आणि एकाही माणसाला वाटत नव्हतं की आंबा आपल्यावर रुसला आहे. देवाचा दिवस देव ठरवेल. आपण अंगणात असावं, एवढंच आपलं काम. मी वासालाच नकार समजून बसले होते. ज्याची एवढी भूक लागते तो कुठेतरी पिकत असणारच, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

संध्याकाळी रस्ता मोकळा झाला. भामरागडला सिस्टरांना पुस्तकं दिली, आता रागानं नाही. मठातल्या बाईचं मात्र परत आणलं. वाचता येत नाही, उशाशी असतं.

मुलचेऱ्याला आमच्या विहिरीवर एक आंबा आहे. परत आल्यावर मी त्याचं फळ तोंडात घातलं नाही. शेजारची बंगाली वहिनी विचारी, दीदी, तब्येत ठीक आहे ना? मी म्हणायची, थांबलेय. तिला वाटलं असेल, डोळ्यांबरोबर डोकंही गेलं. मग एके सकाळी आलापल्लीच्या बसचा कंडक्टर दाराशी आला. भामरागडच्या बसच्या त्या भल्या कंडक्टरनं त्याच्याकडे दिलेला, पळसाच्या पानात बांधलेला एक आंबा त्याच्या हातात होता. त्या अंगणातल्या बाईचा निरोप एवढाच होता की पंडुम झाला, आता बाईले खायला सांगजा.

पायरीवर बसून मी तो आंबा खाल्ला. रस कोपरापर्यंत ओघळला आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, बापा, तुझे उपकार. कितीतरी दिवसांत कोणाला तरी उद्देशून निघालेले ते पहिले शब्द होते. उत्तर त्या दिवशीही आलं नाही. मी मागितलंही नाही. आता रोज पहाटे मी माझ्या जागी जाऊन बसते. शेजारी मठातली बाई असते. आमचा दोघींचा पंडुम अजून व्हायचा आहे.