सावद्याचं डिझेल

सावद्याच्या शिवेबाहेर जगात काही चांगलं मिळत असेल, यावर माझ्या थोरल्या साडूंचा विश्वास नाही. आम्ही त्यांना आबा म्हणतो. धुळ्याला माझ्याकडे येतात ते एसटीने, आणि सोबत स्वतःच्या विहिरीच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन असतो. भरताची वांगी आणतात हे समजू शकतो, पण ती भाजायला कपाशीच्या वाळलेल्या काड्यांची मोळीही आणतात. माझ्या मुलाच्या साखरपुड्याला आले तेव्हा दाढी वाढलेली होती. मी म्हटलं, "आबा, समोरच सलून आहे." तर म्हणाले, "त्याचा हात मले माहीत नाही, भो." साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत ते तसेच खुंट वाढवून उभे आहेत.

घरी चालती पिकअप असून ते एसटीने का येतात, हे सांगायचं तर त्या पिकअपच्या दुसऱ्या टाकीबद्दल सांगावं लागेल. गाडी जुनी, मळ्यातून केळीचे घड आणण्यासाठी घेतलेली. एक टाकी तिची स्वतःची. दुसरी आबांनी बाजूला पट्ट्या ठोकून बसवून घेतली, ती अक्कासाठी. अक्का म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. तिनं समुद्र पाहिलेला नव्हता आणि सुरतेकडचा समुद्र दाखवीन, असा शब्द आबांनी तिला देऊन ठेवला होता. मी हिशेब करून पाहिला होता. जाऊन-येऊन सातशे किलोमीटर, आणि एका टाकीत गाडी जाते सहाशे. प्रश्न फक्त शंभराचा होता.

"वाटेत भरा की," मी म्हणालो.

"परक्या गावचं डिझेल गाडीले मानवत नाही," आबा म्हणाले.

म्हणून दुसरी टाकी. पण ती पहिल्याच दिवशी सांध्यातून ठिबकायला लागली. मेकॅनिकनं त्यावर साबण घासला. ठिबकणं थांबलं, चार दिवसांनी पुन्हा सुरू झालं. टाकी रिकामी केली ती केलीच. पुढं दरवर्षी दिवाळी आली की आबा सांध्यावर साबण घासायचे, टाकीत तांब्याभर डिझेल ओतून बघायचे आणि खाली थेंब पडला की मान हलवायचे. अक्का म्हणायची, "एवढ्या साबनात घरादाराचे कपडे निघाले असते."

आबा अक्काला घेऊन निघायचे मात्र दर हिवाळ्यात. नियम एकच. दुसरी टाकी भरलेली नसताना पहिलीचा काटा पाऊणच्या खाली जाऊ द्यायचा नाही. काटा पाऊणवर यायचा पारोळ्याला. मग किल्ल्यापाशी गाडी थांबायची, मला फोन यायचा, आणि आम्ही नवराबायको धुळ्याहून एसटीनं त्यांना भेटायला पारोळ्याला जायचो. चौघं मिळून कळण्याची भाकरी आणि ठेचा खायचो. खंदकातल्या पाण्याकडे बघून अक्का म्हणायची, "घ्या, पाह्यला समुद्र." आबा हसायचे आणि गाडी सावद्याकडे वळवायचे.

गेल्या वर्षी गाडीचं पासिंग आलं. आरटीओच्या साहेबांनी खाली वाकून पाहिलं आणि सांगितलं, ही जादा टाकी काढा, नाहीतर गाडी पास होणार नाही. मी तेव्हा सावद्यालाच होतो. मेकॅनिकनं गंजलेले बोल्ट खोलून टाकी अंगणात आणून ठेवली. बाहेरून साबणाचे थर, आणि तोंडाशी कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं. आबा तिच्यासमोर पायरीवर बसून राहिले.

"आता कसला समुद्र," ते म्हणाले. "परतीले शंभर किलोमीटर कमी पडते."

अक्का खाटेवर बसून गुडघ्यांना तेल चोळत होती. त्या वर्षापासून तिला काठी लागत होती.

"मी बी परक्या गावचीच हाये," ती म्हणाली. "मुक्ताईनगरची. मानवली का नाही?"

"ते येगळं."

"काय येगळं? सांगा नं या भाऊंसमोर."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टाकीकडे पाहिलं.

दिवाळीनंतर एका सकाळी माझ्या दारात पिकअप उभी. केबिनमध्ये अक्का, पाठीशी उशी. काटा पाऊणच्या खाली गेलेला होता. माझ्या बायकोला काय करू नि काय नको असं झालं. आबांनी उभ्याउभ्याच चहा घेतला. तो आमच्या नळाच्या पाण्याचा होता. माझ्या ते लक्षात आलं.

संध्याकाळी फोन आला. मागे वारा एवढा होता की आबांना ओरडून बोलावं लागत होतं. "इथलंच डिझेल भरलं, भो. गाडीनं काही कुरकुर केली नाही."

"आणि अक्का?"

"वाळूत पाय टाकता येत नाही तिले. गाडी मागं घेऊन, मागचा फाळका पाडून त्याच्यावर बसवली. तिथून पाहून राह्यली. धा वर्सं आधी आलो असतो, तर आत शिरली असती."

मग अक्कानं फोन घेतला. म्हणाली, "भाऊ, यांनी विहिरीचं पानी सारं वाळूत ओतून देलं. कॅन भरून भरून समुद्र आणून राह्यले, माह्या पायावर टाकाले. त्याइले सांगा, आता पुरे. पुरी भिजली मी."

मी काही सांगितलं नाही. फोनमधून पाण्याचा आवाज येत होता, मी तो ऐकत राहिलो.