पौर्णिमाचे दोन तास

कळंबच्या पौर्णिमाचं कौतुक करणाऱ्यांना तोटा नव्हता. तोटा होता तो तिच्या नवऱ्याजवळ घटकाभर बसणाऱ्यांचा.

दोन वर्षांपूर्वी रत्नदीप शिळफाट्याजवळ मोटरसायकलवरून पडला. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं, त्याला ओरखडाही आला नाही. मार बसला तो डोक्याला. खोपोलीच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करणारा माणूस दवाखान्यातून परत आला, पण निराळाच होऊन. जेवून पाच मिनिटं झाली की पुन्हा जेवण मागायचा, नाही म्हटलं की ताट भिरकावायचा. मध्येच शर्ट चढवून कामावर निघायचा. पौर्णिमा अनवाणी त्याच्या मागे.

पाहुणे येत, चहा पीत. "दिसायला तर ठणठणीत हाय," म्हणत. जाताना तिला बजावत, "तू बी सोताला जप गं." कधी जपायचं, ते कुणी सांगत नसे. चार महिने तिची दाढ ठणकत होती आणि नेरळच्या दातांच्या डॉक्टरकडे जायला सवड नव्हती.

सगळ्यात जास्त सल्ले नणंदेचे. नेरळची संध्याताई भावावर फोनवरून माया करायची. "प्रेमानं बोललं की ऐकतो गं तो. तूच चिडतेस."

मार्चमध्ये ताई स्वतःच आली. तिच्या सोसायटीच्या महिला मंडळानं पौर्णिमाला 'आदर्श पत्नी' ठरवलं होतं. शाल, नारळ, फोटो.

"दोन तासांचा तर कार्यक्रम हाय."

"आणि यांच्याजवळ कोण बसंल?"

ताई गडबडली. "त्याला झोपवून ये ना."

"ताई, शाल राहू द्या. ते दोन तास मला आत्ताच द्या. तुमी बसा." पौर्णिमानं चपला घातल्या आणि ताईचं तोंड मिटायच्या आत ती रिक्षात बसलीसुद्धा.

ती परतली तेव्हा ताई पायरीवर बसली होती. केस सुटलेले, नव्या साडीवर चहा. रत्नदीपनं तिला चौदा वेळा 'तू कोण' म्हणून विचारलं होतं, आणि शेजारच्या भागीकाकूला हाका मारून तिनं त्याला रस्त्यावरून परत आणलं होतं.

"सख्खा भाऊ मला चोर म्हणाला गं," ताई रडायला लागली. "मी प्रेमानंच बोलत होते!"

दाढ काढून आलेल्या पौर्णिमाचं तोंड अजून बधिर होतं, म्हणून ताई वाचली. ती नुसती शेजारी टेकली. मनातून तिला बरं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

पुरस्कार दुसरीला मिळाला. तिचा धडधाकट नवरा तिला स्कूटरवरून हॉलपर्यंत सोडून गेला. ताई मात्र आता दर बुधवारी दिवसभर भावाजवळ बसायला येते, आणि बाकीच्या नातलगांना फोनवर सुनावते, "तुमाला नाय कळायचं. जवळ बसावं लागतं!" जणू बसण्याचा शोध तिनंच लावला.

पहिल्या बुधवारी पौर्णिमा खालापूरला आईकडे गेली. आईनं ताट वाढलं, तोवर लेक पलंगावर आडवी होऊन गाढ झोपली होती. आईनं ताट झाकलं आणि चार वाजेपर्यंत घरात कुणाला बोलू दिलं नाही.