इंदूआत्याला आणायला दिंडोशीपर्यंत

माघी गणपतीतल्या एका रविवारी, दुपारची जेवणं आटोपल्याबरोबर मी मुलुंडहून दिंडोशीला निघाले ती भांडायला. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "एवढ्या लांब भांडायला जातेस? फोनवर भांड की."

"फोनवरच तर चोरी झाली," मी म्हणाले आणि चपला चढवल्या.

झालं होतं ते असं. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आठवडाभर लोकांचं रक्त तपासायचं आणि शनिवारी दुपारी, घर झोपलेलं असताना, जेवणाच्या टेबलावरचं पाणी पुसून लॅपटॉप उघडायचा, ही माझी कित्येक वर्षांची सवय. रविवारी सकाळी पोह्यांच्या आधी ब्लॉगवर लेख टाकायचा आणि आलेल्या प्रत्येक प्रतिक्रियेला नावानिशी उत्तर द्यायचं, हा माझा नेम. वाचणारे मूठभर. पण त्या मूठभरांसाठी मी एकेक वाक्य तीन तीनदा मोठ्याने म्हणून बघते, वाईट वाटलं तर खोडते.

या ब्लॉगवर इंदूआत्या जन्माला आली. मूळची मालवणकडची, नवरा गिरणीत होता, गिरणी गेल्यावर वॉचमन झाला. दिंडोशीच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर राहते, बिल्डिंगला लिफ्ट नाही, तोंडाला लगाम नाही. तिचं नाक मी आमच्या भाजीवालीकडून घेतलं, आवाज लॅबमध्ये येणाऱ्या एका पेशंटबाईंचा, आणि मालवणी बोलणं माझ्या आजोळचं. तिला घर हवं होतं म्हणून मी मुद्दाम दिंडोशीला जाऊन जिने चढले होते. कुठल्या मजल्यावर धाप लागते ते स्वतःला कळल्याशिवाय मला लिहिता येत नाही.

आणि आदल्या दिवशी, शनिवारी, मावसबहिणीने मला एक पोस्टर पाठवलं. नऊवारी नेसलेला, छातीशी उशा भरलेला, डोळे वटारलेला एक पुरुष. वर ठळक अक्षरात 'इंदूआत्याचा इंगा! तुफान विनोदी एकपात्री'. खाली 'दिंडोशी वसाहत, रविवारी संध्याकाळी' आणि सादरकर्ता, संगीत, प्रकाश, मंडप, सगळ्यांची नावं होती. लेखकाच्या नावाची जागासुद्धा ठेवलेली नव्हती. बहिणीने लिहिलं होतं, 'ही तुझीच ना गं?'

माझीच. ग्रुपांवरून माझे लेख फिरतात हे मला ठाऊक होतं. माझ्याच सासूबाईंनी मला माझाच लेख 'वाच, छान आहे' म्हणून पाठवला होता, बिननावाचा. तेव्हा मी दात-ओठ खाऊन गप्प बसले होते. पण लेख फिरणं वेगळं आणि माझ्या माणसाला साडी नेसवून स्टेजवर नाचवणं वेगळं.

रागात माणसाला समोरचं दिसत नाही. स्टॉपवर जी बस आली तीत मी चढले. पवईचा तलाव मागे गेला, बस डावीकडे वळली, तरी मी मनातल्या मनात संवाद रचत होते. कंडक्टर शेवटी जवळ आला. "बाई, तिकीट दिंडोशीचं मागता, ही मरोळला जाते. बोर्ड वाचता येत नाही का?"

"लिहिता येतं," मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. तो पुढे गेला आणि मी मरोळला उतरले.

मरोळला रविवार असूनही औद्योगिक वसाहतीच्या बाजूने यंत्रांची घरघर येत होती. रस्त्याला धूळ, टेम्पोंची रांग. चौकशी करत मी आरेतून जाणाऱ्या बसच्या स्टॉपवर पोचले. बस आली, मिनी होती, पण बसायला जागा मिळाली. आणि थोड्याच वेळात खिडकीबाहेर मुंबई संपली. दोन्ही बाजूंना झाडी, रस्ता वळणावळणाचा, हवेत शेणाचा आणि सुक्या गवताचा वास. एरवी मी इथे मान बाहेर काढून बघत बसते. त्या दिवशी झाडांचासुद्धा राग आला. इतकी शांत कशी राहू शकतात?

एका तबेल्यापाशी म्हशी रस्त्यात आल्या आणि बस थांबली. म्हशींना घाई नव्हती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं तशी मी खाली उतरले. कडेला पाड्यातली (आदिवासी वस्तीतली) एक बाई टोपलीत बोरं घेऊन बसली होती.

"कुठं चाललीस गं बाय, एवढी लाल होऊन?"

"भांडायला."

"नवऱ्याशी?"

"नाही. एकाने माझी गोष्ट चोरली."

"कसली गोष्ट? सोन्याची?"

"लिहिलेली गोष्ट. कथा."

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि ओंजळभर बोरं कागदात बांधली. "गोड आहेत," म्हणाली. बसमध्ये बसून एक तोंडात टाकलं तर डोळ्यांत पाणी येईल इतकं आंबट. सगळ्यांनी मला फसवायचं ठरवलेलंच होतं. तरी दिंडोशी येईपर्यंत मी पुडी संपवली.

वसाहतीच्या फाटकापासून रोषणाई होती. गणपतीसमोर अथर्वशीर्षाची कॅसेट, बाजूला खाऊचे स्टॉल. एका टेबलावर खाजं (बेसनाच्या शेवेला आलं घातलेला गुळाचा पाक लावलेला मालवणी खाऊ) मांडलेलं होतं. हे सगळं किती माझ्या इंदूआत्याचं होतं! चार पावलं चालले असते तर ती जिन्यात भेटली असती.

सभागृह तळघरात होतं. मला मागून तिसऱ्या रांगेत जागा मिळाली. शेजारी माझ्याच वयाची एक बाई बसली होती. ती आपणहून बोलायला लागली, वैशाली तिचं नाव. तिचे आईवडील साताऱ्याकडून आलेले, ती स्वतः इथेच वाढलेली आणि आता एका शाळेत क्लार्क.

"पहिल्यांदा आलात? बसा, मजा येते. इंदूआत्या आमच्या मागच्याच बिल्डिंगमधली आहे."

"काय?"

"खरीच आहे हो ती. कुणीतरी तिच्यावर लिहिलंय. तिला माहीतही नसेल बिचारीला."

"ती खरी नाही," मी म्हणाले. "मी तयार केलंय तिला."

वैशाली हसली. "काहीतरीच काय. मी तिला बघितलंय ना!"

मी तोंड उघडणार तेवढ्यात दिवे गेले आणि तो आला. केदार नावाचा तिशीतला मुलगा, पोस्टरवरच्याच उशा, पोस्टरवरचेच डोळे. आवाज मात्र चांगला होता हे मला कबूल करावं लागलं आणि त्याचाही राग आला. माझी वाक्यं एकामागून एक येत होती. माझ्या स्वल्पविरामावर तो थांबत होता. लोक हसत होते ते माझ्या शब्दांवर, आणि मी अंधारात आंबट तोंडाने बसले होते.

मग त्याने नवऱ्याच्या तेराव्याचा प्रसंग घेतला.

हा प्रसंग मी एका शनिवारी नव्हे, पाच-सहा शनिवार लिहीत होते. घर माणसांनी भरलंय, सुना रडतायत, आणि आत्या म्हणते, "रडान काय होतला? ताटां वाढा. गेलेल्याक भूक लागणा नाय, रवलेल्यांक लागता." (रडून काय होणार? ताटं वाढा. गेलेल्याला भूक लागत नाही, राहिलेल्यांना लागते.) सगळी पंगत उठते, पाहुणे जातात आणि तिच्या लक्षात येतं की सवयीने आपण एक ताट जास्त वाढलंय. ती कुणाला हाक मारत नाही. त्या ताटासमोर बसते आणि नुकतीच जेवलेली असूनही ते सगळं जेवते. एक शीत टाकत नाही. बस, कथा संपते.

हे मी कुठल्या भाजीवालीकडून घेतलेलं नाही. बाबा गेले तेव्हा माझी आई अशीच जेवली होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तिने वर पाहिलं नाही. पुढे आईही वारली, तेव्हा मी ते ताट इंदूआत्याला दिलं, कारण दुसरं कुठे ठेवावं मला कळत नव्हतं.

केदारने ते वाक्य म्हटलं. टाळ्या पडल्या. आणि मग ढोल वाजला, लाल दिवा लागला, आणि नवऱ्याचं भूत 'माका भूक लागली' म्हणत आलं. भूतही तोच. डोक्यावर पांढरी चादर, उशा हलवत तो ताटाभोवती नाचायला लागला. सभागृह खदाखदा हसत होतं.

मी उभी राहिले. "बंद करा हे!"

संगीत चालूच. मी पुन्हा ओरडले. मंडळाचे कार्याध्यक्ष परब बिल्ला सावरत धावत आले. "मॅडम, काय प्रॉब्लेम आहे? बसून घ्या ना."

"ही माझी कथा आहे. मी लिहिलीय."

केदारने चादर काढली. प्रसंग हातचा जातोय हे त्याने ओळखलं असावं. कमरेवर हात ठेवून, आत्याच्याच आवाजात तो म्हणाला, "अगो, माका तू लिवलंस? माका?"

काय हशा झाला! माझ्याच बाईच्या तोंडून, मीच शिकवलेल्या बोलीत मला विचारलं जात होतं की तू कोण. माझे कान तापले.

"आत्या असं बोलणार नाही," मी म्हणाले. आवाज फुटत होता, पण थांबले नाही. "ती घरच्यांना शिव्या घालते. पण दारात आलेल्या माणसाला चारचौघांत हसत नाही. एवढंही तुम्हाला वाचून कळलं नाही?"

मागून कुणीतरी "बसा हो काकू" म्हणालं. पण केदारच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. परबांनी घाईघाईने मध्यंतर जाहीर केलं.

आत, मेकअपच्या खोलीत, तो विग काढून घाम पुसत बसला होता. "ताई, आईशप्पथ, मला फॉरवर्ड आलं होतं. खाली लिहिलं होतं, आवडल्यास पुढे पाठवा."

"म्हणून स्टेजवरून पाठवलंस?"

"नाव असतं तर घेतलं असतं ना."

"नाव नव्हतं म्हणजे लिहिणारा नव्हता? आपोआप उगवलं ते?"

परब मध्ये पडले. "मॅडम, तुमच्याकडे पुरावा काय? असं कुणीही येऊन म्हणेल."

मी फोन काढला. तळघरात रेंज नाही. ब्लॉगचं पान अर्धं उघडून गोल गोल फिरत राहिलं आणि परब माझ्याकडे 'बघा' अशा नजरेने बघत राहिले. मी त्या दोघांना अक्षरशः ओढत जिन्याने वर आणलं. खाज्याच्या टेबलापाशी रेंज आली. वर माझं नाव, माझा फोटो, खाली वाचकांच्या प्रतिक्रिया आणि त्यांना माझी उत्तरं. परबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि "हं" म्हणाले. "मग असं करू, शेवटी विशेष आभार मानतो तुमचे."

"आभार? घरमालकाचे आभार मानून घरात राहणार तुम्ही?"

नऊवारीत, विगाशिवाय, केदार उभ्याउभ्या माझा फोन वाचत होता. बराच वेळ वाचत होता. मग म्हणाला, "हे पुढचं माझ्याकडे नाहीये."

"काय नाहीये?"

"ताटाचं. माझ्याकडे आलं ते 'रवलेल्यांक लागता'पाशी संपतं. मला वाटलं, कथा अर्धीच आहे. शेवट हवा म्हणून भूत मी घातलं." त्याने मान वर केली. "ही जेवते?"

"जेवते. माझी आई जेवली होती."

फोन परत देताना तो म्हणाला, "मला पाठवाल? मध्यंतरानंतर वाचतो. वाचतोच फक्त."

परब कुरकुरले, लोक हसायला आलेत म्हणाले. केदारने ऐकलं नाही.

मध्यंतरानंतर तो साध्या शर्टात आला. "लेखिकेचं नाव नीलिमा," त्याने सांगितलं. माझं नाव नीलम आहे. मी खुर्चीतून ओरडून दुरुस्त केलं, त्याने कान पकडले आणि नाव पुन्हा घेतलं. मग फोनवरून ताटाचा प्रसंग वाचला. अभिनय नाही, ढोल नाही. दोन रांगा उठून वड्यांकडे गेल्या, एका मुलीने "भूत कधी येणार?" असं आईला विचारलं. पण उरलेले शेवटपर्यंत बसून राहिले. वैशालीने पदर डोळ्यांना लावला होता.

संपल्यावर ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. "चांगलं लिहिता तुम्ही," ती म्हणाली. "पण खरं सांगू? ती आमच्याच मागच्या बिल्डिंगमधली आहे."

मी वाद घातला नाही. रिक्षा केली.

परतताना महामार्गावर नेहमीसारखी गाड्यांची रांग होती आणि मी काही शांत वगैरे झालेले नव्हते. नाव मिळालं, तेही आधी चुकीचं. भूत नाचताना टाळ्या वाजवलेले लोक तेच होते. घरी पोचेपर्यंत त्या नाचाचा व्हिडिओ मावसबहिणीच्या ग्रुपवर आलासुद्धा होता. वाचनाचा कुणी काढला नव्हता.

पण रिक्षात एक गोष्ट कळली आणि तिने माझा राग नीट जागेवर आणला. मी लेखाच्या शेवटी नाव घालते, शेवटच्या परिच्छेदाला चिकटून. पहिल्यांदा ज्याने कुणी ते नाव उडवलं, त्याचं बोट थोडं वर सरकलं असणार. नावाबरोबर परिच्छेदही गेला. त्याला कळलंही नसेल. मग तशीच लंगडी कथा गावभर फिरली, आणि त्या भोकात कुणीतरी भूत भरलं.

म्हणून हा लेख आवडला तर जरूर पुढे पाठवा. नाव मात्र ठेवा. माझ्या मोठेपणासाठी म्हणत नाही. तुम्ही नाव कापायला जाता तेव्हा त्याच्या वरच्या ओळीत माझी आई जेवत असते.

नीलम, मुलुंड