सुमन, उभी राय

कुठल्याही कार्यक्रमात गावंडे माइक हातात घ्यायचा आणि त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "सुमन, उभी राय." मग तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसलेल्या त्याच्या बायकोला उठावं लागे. ती पदर सावरून उभी राहायची, हॉलमधल्या सगळ्या माना तिच्याकडे वळायच्या आणि गावंडे खिशातला घडीचा कागद उलगडून तिच्यावर केलेली कविता वाचायचा. कविता संपेपर्यंत तिनं बसायचं नाही. "जिच्यावर लिहिली ते लोकायले दिसाले नको काय?" असं त्याचं म्हणणं. अहो, बैलांच्या प्रदर्शनात बैलालासुद्धा मधून चारा घालतात.

पुंडलिक गावंडे आणि मी अमरावतीला पाटबंधारे खात्यात एकाच खोलीत सव्वीस वर्षं बसलो. तो नकाशे काढायचा आणि छान काढायचा. तेवढंच करत राहिला असता तर आज मी त्याच्याबद्दल बरं लिहिलं असतं. घरी जेवताना "वाढ वं" म्हणणारा हा माणूस कागदावर 'हे प्रिये, तव' असं म्हटल्याशिवाय पुढे सरकत नसे. 'तव अधरी डाळिंबदाणे, प्रिये, मी गातो त्यांचे गाणे' ही त्याची गाजलेली कविता. गाजली ती कशामुळे, ते फक्त त्याला ठाऊक नव्हतं. डाळिंबाचे दाणे दातांना म्हणतात, ओठांना नाही, हे मी एकदा सांगून पाहिलं. तर म्हणाला, "तुले काय समजते बे कवितेतलं? तू आपलं आवक-जावक सांभाळ."

सेवानिवृत्तीचा निरोप असो, बारसं असो, की पाणीवापर संस्थेची सभा असो, कागद तयार. "कविता पोटातून आली पायजे, ढेकरासारखी," असं तो नवख्या कवींना सांगायचा. यात मात्र त्याचं काही चुकलं नाही. त्याच्या कवितेनं समोरच्यांना नेमकं तसंच वाटायचं.

बायकोवर जीव होता, हे नाकारत नाही. सुमनवहिनी धामणगाव रेल्वे या गावच्या. कमी बोलणाऱ्या, उंच, हसल्या की तोंडावर हात ठेवणाऱ्या. त्यांचे गुडघे दुखायचे तेव्हा गावंडे स्वतः तेल गरम करून चोळायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि त्याच गुडघ्यांवर त्यानं अकोल्याच्या कविसंमेलनात त्यांना अकरा कडवी उभं ठेवलं, हेही पाहिलंय. सातव्या कडव्याला त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली. गावंडे वरून म्हणाला, "पाहा, कशी लाजून राह्यली." लोक हसले. पहिल्या रांगेत बसून मी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर आठवडाभरात वहिनी आमच्या घरी आल्या. माझ्या बायकोशी त्यांचं गूळपीठ होतं. पण त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"भाऊजी, तुमी त्यायले सांगा ना. घरात वाचा म्हना, मी साऱ्या आयकीन. पण लोकायच्या समोर मले उभं नका करू म्हना. भाजीवाला बी मले पाहून 'डाळिंब आलं' म्हनते. हळदीकुंकवाले जानंच सोडलं मी."

"वहिनी, तुम्ही नाही का सांगितलं?"

"सांगतलं ना. ते म्हनते, तू लाजतं. तुमचं आयकतीन ते."

सांगतो म्हणालो. दोन दिवसांनी चहाच्या टपरीवर विषय काढलाही. "गावंडे, वहिनींना हे उभं राहणं आवडत असेल का रे?" तो ऐटीत म्हणाला, "लाजनं म्हंजेच पसंती, लेका. बायकोवर प्रेम कराले हिंमत लागते अन ते चारचौघात सांगाले त्याच्याहून जास्त." मी बिस्कीट बुडवलं आणि वहिनींचा निरोप तसाच ठेवला. न सांगण्याचं खरं कारण वेगळंच होतं. गावंडेच्या प्रत्येक कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी त्याची नक्कल करायचो. 'सुमन, उभी राय' म्हणून त्याच्यासारख्या टाचा उंचावल्या की अख्खी खोली खिदळायची. तो थांबला असता तर माझा खेळ बंद पडला असता. अशी अकरा वर्षं गेली.

मागच्या वर्षी वहिनी गेल्या. दोन दिवस छातीत दुखतंय म्हणाल्या आणि तिसऱ्या दिवशी संपलं. दहाव्याला आम्ही वलगावला नदीकाठी जमलो. पिंड मांडले. समोरच्या बाभळीवर कावळा बसलेला, पण खाली येईना. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, म्हणून जो तो पिंडासमोर हात जोडून शब्द देऊ लागला. वहिनींचा भाऊ म्हणाला, "बाई, तुह्या लेकीले माहेरची उणीव नाही पडू देत." कावळा ढिम्म. मग गावंडे पुढे झाला.

"सुमन, तुह्यावरच्या साऱ्या कवितायचं पुस्तक काढतो."

कावळा हलला नाही.

"प्रकाशन मोठ्या हॉलात करतो. तुहा फोटो स्टेजवर उभा करतो, मानसाएवढा."

कावळा उडाला आणि आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला. मागे कुणीतरी खोकल्यात हसू दाबलं. एरवी मीच पहिला हसलो असतो. माझ्या बायकोनं माझ्या कोपराला धरलं आणि म्हणाली, "आता तरी बोला."

मी गेलो. त्याच्या कानाशी वाकून वहिनी काय म्हणाल्या होत्या ते सगळं सांगितलं. भाजीवाला, हळदीकुंकू, गुडघे, सगळं. तो ऐकत होता. त्यानं खिशातला घडीचा कागद काढला. त्या दिवशीही होताच. तो न उलगडता पाण्यात सोडला आणि हात जोडले.

"सुमन, आता तुले कुठीच उभं नाही करत. बस तू."

आम्ही सगळे मागे सरकलो. कावळा उतरला आणि पिंडाला चोच लावली. मी असल्या गोष्टी मानत नाही. माणसं दूर झाली म्हणून तो आला, एवढंच.

परत येताना गाडीत तो माझ्या शेजारी बसला होता. अमरावतीची वस्ती लागली. मग खिडकीबाहेर बघत त्यानं विचारलं, "कवा सांगतलं होतं तिनं तुले?"

"अकरा वर्षं झाली."

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मले तर समजत नव्हतं बे," तो म्हणाला. "तू टाळ्या कायले वाजवत होता?"