खाली बघण्याचे दहा दिवस

"तुमच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटलाय," डॉक्टर म्हणाले. मी सवयीने पर्समधली वही काढून ते लिहून घेऊ लागले, तेव्हा लक्षात आलं की लिहिलेल्या ओळीचा खालचा भाग मला दिसतच नाही.

मुक्ता, ईशान, फोनवर मी, तुमची आजी, तुम्हाला फक्त "बरी आहे" एवढंच सांगत राहिले. आता सगळं क्रमाने लिहिते. तुमच्या ओळखीत कोणावर अशी वेळ आली, तर उपयोग होईल.

आधीचा आठवडाभर डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगत होते. डोळा मिटला तरी कडेला वीज चमकल्यासारखं व्हायचं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून मी थांबले. ती माझी चूक. ठिपके आणि चमक अचानक सुरू झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आजाराचं नाव रेटिनल डिटॅचमेंट. डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून एक पातळ पडदा चिकटलेला असतो, त्यावर आपल्याला जग दिसतं. माझा तो भिंतीपासून सुटला होता. डावा डोळा काचबिंदूने पूर्वीच नेला; त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. म्हणजे जे काही होतं ते या उजव्या डोळ्यावर.

चिखलीच्या या डॉक्टरांनी त्याच दिवशी संभाजीनगरला पाठवलं. दुसऱ्या दिवशी विट्रेक्टमी नावाची शस्त्रक्रिया झाली. यात डोळ्यातला जेलीसारखा भाग काढतात, पडदा लेसरने डागतात आणि आत गॅस भरतात.

"गॅस नेहमी वर चढतो," सर्जन म्हणाले. "तुम्ही खाली बघत राहिलात, तर तो पडद्याला दाबून धरील. दहा दिवस मान खाली. जेवताना, बोलताना, झोपतानाही. तासाला दहा मिनिटं सुट्टी. अर्धं काम मी केलंय, अर्धं तुमचं."

घरी सोबतीला माझी धाकटी जाऊ कमल आली. ती गावी भाजीपाला पिकवते. मला खुर्चीत वाकून बसलेली पाहून म्हणाली, "बाई, शाळेत तुम्ही पोरायले माना खाली घालून उभं केलं. आता तुमची पाळी."

मी वेळापत्रक केलं. कमलने ते मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावलं. अर्थात मला भिंत दिसत नव्हती.

तिसऱ्या दिवशी मानेत आग होत होती. दोन रात्री झोप नव्हती, रक्तदाब चढलेला. पट्टी काढली होती, तरी खाली नुसतं राखाडी धुकं. मनात एकच गोष्ट फिरत होती : मान खाली ठेव, मान खाली ठेव. आणि दुपारी मी सरळ उठून बसले. म्हटलं, "जाऊ दे तो डोळा. मला नाही जमत."

"काऊन उठल्या?" कमलने विचारलं. उत्तराची वाट न बघता स्वयंपाकघरात गेली. खिडकीतल्या कुंडीतली पानओव्याची एक फांदी तिने तोडली, धुतली, काचेच्या पेल्यात पाणी घालून त्यात ठेवली. पेला माझ्यासमोर स्टुलावर आणून ठेवला. माती डोळ्याजवळ नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून पाणी.

"आम्ही वावरात दिवसभर निंदतो, तण काढतो," ती म्हणाली. "मान खाली ठेवाची, असं कोणी मनात धरत नाही. रोपट्याकडं पाहाचं. मान आपोआप खाली राह्यते."

मी वाकले. आधी वास आला, ओव्याचा, थोडा तिखट. नाक पानाला टेकेपर्यंत वाकले आणि एकदम ते दिसलं. गॅस असलेल्या डोळ्याला लांबचं काही दिसत नाही, पण अगदी जवळचं कधीकधी मोठं होऊन दिसतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, मी पानाच्या आतच उतरलेय. हिरव्या शेतात पांढरी लव उभी होती. शिरा ओढ्यांसारख्या वाहत होत्या. काठावरचा एक पाण्याचा थेंब घुमटाएवढा होता.

किती वेळ गेला कळलं नाही. कमलने हाक मारली तेव्हा दीड तास झाला होता. "सुट्टी खाऊन टाकली तुम्ही," ती म्हणाली.

पुढचे दिवस मी त्या हिरव्या देशात राहिले. कमलने मनी प्लांटची वेलही दुसऱ्या पेल्यात आणून ठेवली. सकाळी ते मोठं गुळगुळीत पान, दुपारी हे लवदार. डोळे मिटले तरी हिरवं आत तरंगत राहायचं, आणि त्यातच पालथी झोप लागायची. पाचव्या दिवशी रक्तदाब खाली आला होता. सातव्या दिवशी पाण्यात, फांदीच्या टोकाला, तांदळाच्या कणीएवढं पांढरं मूळ दिसलं. मी कमलला बोलावलं. दोघी डोक्याला डोकं लावून बघत बसलो.

दहा दिवस सरले आणि गॅस विरू लागला. खाली पाहिलं की मध्ये एक गोल बुडबुडा हलायचा, लोणारच्या काठावरून सरोवर दिसावं तसा. रोज तो लहान होत गेला. एका सकाळी ज्वारीएवढा उरला, आणि संध्याकाळी नव्हताच.

तपासणीत सर्जननी डोळ्यात उजेड टाकून पडदा सगळीकडून पाहिला. कमलने माझं मनगट घट्ट धरलं होतं. मग ते म्हणाले, "पडदा बसलाय."

मी त्यांना पानओव्याचं सांगितलं. घरातली झाडं हवा शुद्ध करतात असं वाचलंय, ते खरं का, हेही विचारलं. ते हसले. "दोन-चार कुंड्यांनी हवेत फारसा फरक पडत नाही. आणि पडदा लेसरने आणि गॅसने बसला, पानाने नाही. पण तुम्हाला दहा दिवस शांत कोणी बसवलं? ते माझ्याकडच्या गोळीने झालं नसतं."

म्हणून एवढंच सांगते. घरात झाड ठेवा. औषधाऐवजी नव्हे, औषधासोबत. मन सैरभैर होईल तेव्हा त्याच्याजवळ नाक नेऊन बघा. आजारी माणसाला धीर धर म्हणून सांगू नका, बघायला काहीतरी द्या. माझं सगळं आयुष्य सूचना देण्यात गेलं, पण हे मला कमलकडून शिकावं लागलं.

नजर पूर्वीसारखी नाही. सरळ रेषा मध्येच लाट घेते. परवा तुम्ही व्हिडिओवर आलात, तेव्हा मुक्ताची एक भुवई नदीसारखी वळली आणि ईशानचं नाक डावीकडे गेलं. मी फोन नाकाला लागेपर्यंत जवळ घेतला आणि तुम्ही "आजी, नुसता डोळाच दिसतोय," म्हणत होतात, तरी बघत राहिले.