उलट्या बाजूने बांधलेलं पुस्तक

मस्कतमधल्या छापखान्यात मी एकवीस वर्षं आहे. त्यातली दोन वर्षं मी एका माणसाचा सूड घ्यायची संधी शोधत होतो. तो काबूलचा. एके काळी तिथे वर्तमानपत्रात होता, आमच्याकडे अरबी-फारसीची प्रुफं तपासायला लागला.

कारण क्षुल्लक होतं. ईदच्या एका शुभेच्छापत्रावर मी छपाईसाठी सही केली होती आणि सॉफ्टवेअरच्या घोळाने त्यातली अरबी अक्षरं सुटी सुटी पडली होती. अरबीत ती एकमेकांना जोडलेली असतात. मला ते दिसलंच नाही. त्याने कागद अर्बाबसमोर, म्हणजे मालकासमोर धरला. "अर्बाब, इनको क्यों दिखाते हो? इनके लिए तो ये वॉलपेपर है!"

सगळा छापखाना हसला. अर्बाब तर डोळे पुसेपर्यंत हसला आणि दुसऱ्या दिवसापासून अरबी कामांवरची शेवटची सही माझ्याकडून त्याच्याकडे गेली.

मी त्याच्याशी गोडच वागलो. अकराच्या चहाला रोज शेजारी बसलो. चहाबरोबर तो एकाच माणसाबद्दल बोलायचा. शंभर वर्षांपूर्वीचा त्यांच्याकडचा एक संपादक. लहानपणी घरादारासकट हद्दपार झालेला, परतल्यावर काबूलमध्ये वर्तमानपत्र चालवणारा, परदेशी साहसकथा फारसीत आणणारा, मुलींनी शिकावं म्हणून लिहीत राहणारा. पुढे तो परराष्ट्रमंत्री झाला, त्याची मुलगी राणी झाली. मग जावयाचं तख्त गेलं आणि हा पुन्हा देशाबाहेर. इस्तंबूलमध्ये मेला. "दो बार निकाला गया, भाईसाहब. कलम नहीं छोड़ी." मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, वॉलपेपर.

एक दिवस त्याने राजीनामा दिला. बायको आणि मुलगी कशाबशा इस्तंबूलला पोचल्या होत्या. मुलीची शाळा सहावीनंतर बंद झाली होती. तिच्यासाठी त्याने त्या संपादकावर लहानसं पुस्तक लिहिलं होतं, ते आमच्याकडेच छापायला टाकलं. पहिली प्रत त्या माणसाच्या कबरीपाशी तिच्या हातात द्यायची, एवढंच त्याला हवं होतं. विमान गुरुवारी दुपारचं होतं. तो आठवडाभर व्हिसाच्या कागदांमागे बाहेर होता, म्हणून कामाचं कार्ड मी भरलं. सवयीने बांधणी डावीकडे लिहिली.

आमचा बाइंडर रत्नागिरीचा, साठीला आलेला. त्याला सगळे चाचा म्हणतात. तो कार्ड घेऊन आला.

"साहेब, इथं डावी बाजू लिवलीय. ही किताब उजवीकडनं उघडते ना?"

तोवर ती चूक होती. त्या क्षणापासून नव्हती.

"यल्ला चाचा, चल, कार्डावर आहे तसं कर."

गुरुवारी सकाळी काबूलवाल्याने गठ्ठा सोडला. फारसी वाचणाऱ्याच्या सवयीने वरची प्रत उघडली, तर हातात शेवटचं पान. उलटून धरली, तर मुखपृष्ठ इंग्रजी पुस्तकासारखं. मध्ये उघडली, तर उजव्या पानावर पुढचा मजकूर, डाव्यावर मागचा. त्याचा चेहरा पडत गेला आणि मी तो पाहत राहिलो. लपवत नाही, मला आनंद झाला. दोन वर्षांत चहा इतका गोड लागला नव्हता.

अर्बाब चाचावर ओरडला, "तुलासुद्धा कळू नये?"

चाचाने माझ्याकडे पाहिलं. थांबला. मी चहाचा घोट घेतला.

"गलती हो गई, अर्बाब," तो म्हणाला आणि कटिंग मशीनकडे गेला. पाठ कापून काढली, दुसऱ्या कडेला गम लावला, वर साधा पांढरा पुठ्ठा चढवला. विमानाच्या आधी तीन प्रती झाल्या.

तोवर काबूलवाल्याने टेबलावरचं कार्ड उचललं होतं. माझं अक्षर त्याला ओळखीचं होतं. कार्ड त्याने नीट जागेवर ठेवलं.

"बदला मुझसे लेते, भाईसाहब. उस बूढ़े ने आपका क्या बिगाड़ा था?"

त्याला चाचा म्हणायचा होता की तो संपादक, मी विचारलं नाही. तीन प्रती पिशवीत घालून तो गेला.

बाकीचे गठ्ठे अजून गोदामात आहेत. आणि चाचा आता प्रत्येक काम घेऊन माझ्या टेबलाशी येतो, अगदी हॉटेलच्या इंग्रजी मेनूकार्डाचंसुद्धा. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतो, "डावी का उजवी, साहेब? कार्ड नको. तोंडानं सांगा."

सगळ्यांच्या माना वर होतात. मी सांगतो. दर वेळी सांगतो.