बोटीवर वाढलेले दोन किलो

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा मुलीने आम्हा दोघांना क्रूझवर नेलं. मुंबईहून निघायचं, चार दिवस समुद्रात फिरायचं, खायचं-प्यायचं आणि परत यायचं. ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यांना हेवा वाटला. मला मात्र तिकिटं आल्यापासून धड झोप नव्हती. त्या चार दिवसांत यांचं वजन वाढता कामा नये, एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यात होती.

क्रूझवरून माणसं जाड होऊन येतात, असं मुलीच्या मैत्रिणी हसून सांगत. आमची काळजी तसली नव्हती. यांच्या हृदयाचं पंपिंग कमी झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की रोज सकाळी उठल्या उठल्या वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, ते अंगात साठलेलं पाणी, आणि ते छातीत चढलं की धाप लागणार. मीठ बेतानं, पाणी मोजून. लोणचं, पापड, फरसाण, सुकी मासळी बंद. हे जन्मभर रत्नागिरीच्या मिरकरवाड्याच्या धक्क्यावरून मासेमारीची लाँच घेऊन जाणारे तांडेल, पाच-सहा खलाशी यांच्या शब्दावर समुद्रात जायचे. अशा माणसाला आता बायकोच्या परवानगीशिवाय बोंबलाचा तुकडा मिळत नव्हता.

मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत मुलांना शिस्त लावली. नवरा त्याहून अवघड निघाला. हे भांडत नसत, नुसते हसत, आणि माझी पाठ वळली की डब्यातली शेव कमी होई. दोनदा मी यांना रंगेहाथ पकडलं होतं. त्यामुळे डॉक्टरांनी क्रूझला होकार देताना "जबाबदारी तुमची हं" असं म्हटलं, ते यांना नाही, मला म्हटलं. मी ते फारच मनावर घेतलं.

बॅगेत आधी वजनकाटा भरला, मग कपडे. आणि एक आगळाची बाटली. आमच्याकडे मे महिन्यात रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, रस काढून बरणीत भरून ठेवतात, तेच आगळ. सोलकढी त्याचीच. पोट बिघडलं की आगळ, पित्त झालं की आगळ, बाळंतिणीच्या पानातही आगळ. बोटीवरची भाजी, आमटी, मासळी, कशात किती मीठ असेल सांगता येत नाही, म्हणून मी ठरवलं होतं की यांना बिनमिठाचा भात मागून घ्यायचा आणि त्यावर आगळाचं सार. पचायला हलकं आणि घरचं. वरून मीठ मी कणभरही घालणार नव्हते. बंदरावर सामान तपासणाऱ्या माणसाने ती लालजांभळी बाटली वर धरून "ये क्या है?" विचारलं, तेव्हा मी ठसक्यात "दवाई है" म्हणून सांगितलं आणि त्याने सोडली.

बोट म्हणजे तरंगतं गावच. आत शिरलो तर समोर काचेचा जिना. हे बिचकले. आयुष्य समुद्रावर गेलेलं, पण पायाखाली गालिचा कधी नव्हता. "एवढी मोठी बोट, न् हालत नाय गो," म्हणाले. "हिला समुद्र कळत तरी असंल काय?" मुलीने फोटो काढले. त्या फोटोत हे हसताहेत आणि मी यांच्या दंडाला धरून उभी आहे. आता बघितलं की वाटतं, पोलीस आरोपीला धरतो तसं धरलं होतं.

आणि ते जेवण! हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती भांडी. भाजलेली कोळंबी, तळलेली सुरमई, बिर्याणी, नाना तऱ्हेचे पाव, केक. माणसं ताटं भरभरून नेत होती आणि अर्धी टाकून उठत होती. हे त्या टेबलांच्या बाजूने हात मागे बांधून एक फेरी मारायचे, सगळं बघायचे आणि येऊन माझ्यासमोर बसायचे. मी वेटरकडून मोकळा भात आणलेला असे. त्यावर आगळाचं सार ओतायचं, पाण्याच्या बाटलीवर पेनाने खूण करायची, साराला किती पाणी लागलं तेही त्यातच धरायचं. तीन वेळा हेच. पहिल्या दिवशी हे म्हणाले, "सुरमईचा एक तुकडा तरी? वास घेऊन ठेवतो परत." मी नुसतं रोखून बघितलं. पुन्हा मागितला नाही.

पहिल्या सकाळी वजन चौसष्ट होतं. दुसऱ्या सकाळी पासष्टला थोडं कमी. "काट्याला बोट लागली," हे म्हणाले, आणि मलाही ते पटलं, कारण फरशीत बारीक थरथर होतीच. तिसऱ्या सकाळी सहासष्ट. मी काटा तीन ठिकाणी ठेवून बघितला, स्वतः उभी राहिले, माझं वजन होतं तेवढंच. यांचे पायमोजे काढले तर घोट्यावर मोज्याची घडी रुतून राहिलेली. दाबलं की खड्डा पडत होता.

दुपारी जेवल्यावर माझा जरा डोळा लागला, जागी झाले तर केबिनमध्ये हे नव्हते. पाऊण तासाने आले, चालून आल्यामुळे धापा टाकत. माझा पारा चढला.

"कुठे होतात?"

"डेकवर. पाणी बघत व्हतो. आपलंच पाणी हाय गो, रंगावरनं कळतंय. पूर्णगडाच्या समोर आलो असू."

"काय खाल्लंत?"

"काय नाय."

"मला खोटं सांगू नका. दोन किलो हवेने वाढले का? त्या हॉलमध्ये गेला होतात तुम्ही. शेवेचा डबा विसरले नाही मी."

"अगो, खरंच नाय खाल्लं. तुझी शपत."

मग मी जे बोलले ते सगळं इथे लिहवत नाही. मुलीने हौसेने आणलं, तिच्या डोळ्यांदेखत मरायचंय का तुम्हाला, असंही बोलले. तुमच्या जिभेपायी मी रात्रंदिवस जीव टांगणीला लावून बसायचं, आणि तुम्ही चोरून गिळायचं. बोलता बोलता मला रडू फुटलं, आणि एकदा सुरू झालं ते थांबेना. हे पलंगाच्या कडेवर बसले होते. मग म्हणाले, "बरं. खाल्ले. दोन तुकडे. सुरमईचे. आता रडू नको."

मला राग आला आणि बरंही वाटलं. कारण सापडलं होतं. माझं चुकलं नव्हतं. रात्रीच्या जेवणाला मी मुलीला सगळं सांगितलं, "तुझे बाबा चोर आहेत." तिने चमकून बाबांकडे पाहिलं. यांनी हलकेच मान हलवली आणि खाली घातली. मला ती शरमेची वाटली. मी भातावर सार ओतलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच, मासळीवर उतारा म्हणून.

मुंबईहून गाडीने रत्नागिरीला आलो तोवर यांना धापेमुळे आडवं होता येत नव्हतं. स्टेशनवरूनच दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन, इंजेक्शनं, लघवीची पिशवी. मी बाहेरच्या बाकावर बसून जो भेटेल त्याला सुरमईची गोष्ट सांगत होते. नणंदेला फोनवर सांगितली, शेजारणीला सांगितली, भेटायला आलेल्या धाकट्या दिरांना सांगितली. घाबरले होते म्हणून असेल, पण मी ती रंगवून सांगायचे, आणि ऐकणारे हसले की माझा धीर वाढायचा.

दुसऱ्या दिवशी आहाराची माहिती लिहून घ्यायला एक मुलगी आली, पंचविशीची, बोलण्यावरून मालगुंडकडची वाटली. मी तिलाही सुरमई सांगितली. ती म्हणाली, "दोन तुकड्यांनी एवढं नाही होत, काकू. बाकी काय घेत होते?" मी अभिमानाने सांगितलं, बिनमिठाचा भात आणि आगळ. तिचं पेन थांबलं.

"आगळ किती?"

"पाव वाटी एका वेळेला. तीनदा."

"काकू, तुम्ही आगळ घरी करता ना? त्यात काय घालता?"

सांगायला म्हणून मी तोंड उघडलं. मीठ. रसाच्या बरोबरीने मूठमूठ मीठ, म्हणून तर ते वर्षभर टिकतं. माझ्या हाताने दर वर्षी घालते. डॉक्टर घाटावरचे, त्यांच्या यादीत आगळ नव्हतं. पण मी तर इथलीच होते. आगळ माझ्या लेखी कधी खारट पदार्थांत बसलंच नव्हतं, ते औषधात बसलं होतं.

यांना सांगायला हवं होतं. त्याच दिवशी, त्याच खाटेपाशी. पण मी मनाशी वाटणी करून टाकली. आगळ माझं, सुरमई यांची. चूक अर्धी अर्धी, मग बोलायचं कशाला? घरी आल्यावर आगळाची बरणी मागच्या दाराने ओतून दिली आणि कुणाला काही बोलले नाही. शाळेत मुलांकडून चुका कबूल करून घेणारी बाई मी, स्वतःच्या वेळी मूग गिळून बसले.

त्यानंतर हे दीड महिना होते. दवाखान्याने पाणी काढलं, पण हृदय आणखी थकलं ते थकलंच. पडवीत खुर्ची टाकून बसायचे. एकदा म्हणाले, "जरा सोलकढी कर गो." मी नाही म्हटलं. चार दिवसांनी पुन्हा मागितली, पुन्हा नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही. तेव्हा हे हसून म्हणाले, "अजून शिक्षा संपली नाय वाटतं माझी?" मी पण हसले. तेव्हा सांगता आलं असतं. त्याहून सोपी वेळ माणसाला मिळत नाही. मी आत जाऊन भात लावला.

गेले ते सकाळी, त्याच खुर्चीत, माझा चहा होईपर्यंत.

बाराव्याला घर भरलं होतं. जेवणं आटोपल्यावर माणसं आठवणी काढायला लागली, तसे धाकटे दीर म्हणाले, "दादा शेवटपर्यंत दादाच. वैनीच्या नाकावर टिच्चून बोटीवर सुरमई खाल्लीन!" सगळे हसले. रडून डोळे सुजलेली माणसंसुद्धा हसली. मीही हसत होते. मुलगी मात्र उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले तर ओट्याला धरून उभी होती.

"आई, त्यांना गप्प कर," ती म्हणाली. "बाबांनी काही खाल्लं नव्हतं. त्या दुपारी ते पूर्ण वेळ माझ्याबरोबर डेकवर होते. मला पूर्णगड कुठल्या बाजूला ते दाखवत होते."

"पण ते स्वतः म्हणाले."

"मी विचारलं त्यांना नंतर. म्हणाले, तुझी आय रडायची थांबत नव्हती, म्हणून सांगितलं. तिला सांगू नको, तिला परत वाईट वाटंल."

मी केलेल्या वाटणीत यांच्या वाट्याला काहीच उरलं नाही. सगळं माझ्याकडे आलं. बाहेर हसणं चालूच होतं. मी तशीच पदर न सावरता पडवीत गेले आणि मोठ्याने म्हणाले, "त्यांनी सुरमई खाल्ली नव्हती. काही खाल्लं नव्हतं." दीर उठून जवळ आले, माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं, माझा बांध फुटला.

"असू दे गो वैनी," ते म्हणाले. "खाल्लीन तर खाल्लीन. बरंच झालं. मनासारखं खाऊन गेला."

मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण ते पाठ थोपटतच राहिले. मनासारखं खाऊन नाही गेले हो. एवढ्या अन्नासमोर चार दिवस हात मागे बांधून फिरले, माझ्या शब्दाखातर. आणि मी त्यांना चोर म्हणाले.